सप्रेसर लावायच्या रायफलची नळी किती लांब घ्यावी?

"सोळा इंची घेऊ की वीस?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. चौघेही मराठी, टेक्सासात घर करून राहिलेले, आणि चौघांनाही शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर रानडुकरांच्या मागे जाऊन शिकारीची चटक लागलेली. रायफलच्या तोंडावर चढवायच्या, आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याला सप्रेसर म्हणतात. मी प्रत्येकाला उलट विचारलं, "सप्रेसर कुठला घेणार?" सगळ्यांचं उत्तर एकच: "ते नंतर बघू."

घोळ तिथेच होतो. माझाही झाला होता. पहिली रायफल मी .३०८ ची (हे काडतुसाचं माप), २२ इंची नळीची घेतली, कारण दुकानात ती छान दिसली. वर्षभराने तिच्या तोंडावर आठ इंची सप्रेसर चढवला. दस्त्यापासून टोकापर्यंत चार फुटांच्या वर लांबी गेली. शेतातल्या लाकडी मचाणाच्या खिडकीतून ती बाहेर काढताना पत्र्यावर असा खणखणाट झाला, की डुकरं त्या रात्री परत आलीच नाहीत. म्हणून माझा हिशेब आता उलटा चालतो. आधी सप्रेसर ठरवायचा, मग नळी, आणि सप्रेसर कशावर बसणार ते सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितो. कायदा मात्र सगळ्याच्या आधी, कारण तिथे चुकलात तर बाकीच्याला अर्थ उरत नाही.

आधी कायदा

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. सप्रेसरवर इथे १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टपासून केंद्राची नोंदणी लागते. त्यासोबतचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. यावरून 'आता सप्रेसर मोकळा झाला' असं काही जण समजून बसलेत. तसं नाही. फक्त पैसे गेले. फॉर्म ४ (मालकी तुमच्या नावावर करायचा केंद्राचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो आणि चौकशी जशीच्या तशी आहे. मंजुरी येईपर्यंत सप्रेसर दुकानदाराकडेच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे भरले असले तरी.

कॅलिफोर्निया, डेलावेअर, हवाई, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड या आठ राज्यांत, शिवाय वॉशिंग्टन डीसीत, सामान्य माणसाला सप्रेसर ठेवता येत नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मंडळींनी लेख इथेच सोडला तरी चालेल. सप्रेसर घेऊन एका राज्यातून दुसऱ्यात जायला केंद्राची वेगळी परवानगी लागत नाही, पण जिथे जाताय तिथे तो चालतो की नाही हे निघण्यापूर्वी बघायचं.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ग्रीन कार्ड असेल तर नागरिकांसारखीच वाट आहे. पण एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच सर्वसाधारण मनाई आहे. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर दहा मिनिटं हातात घेणं हेही त्यात येतं. मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. गंमत बघा: खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला टेक्सास २०१९ पासून परवाना मागतच नाही. म्हणजे राज्याला नको असलेला कागद व्हिसावाल्याला केंद्रासाठी काढावा लागतो. यात वकिलाची फी वाचवू नका. इथे चुकलात तर नुसता दंड भरून सुटका होत नाही, व्हिसावरच गदा येते.

आणखी एक. भारतात जाताना रेंजवर नेता ती बॅग विमानाला वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, की १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली प्रकरण उभं राहतं, आणि मग लग्नाला आलेला माणूस वकील शोधत फिरतो. सप्रेसर किंवा त्याचे सुटे भाग तिकडे न्यायचा तर विचारसुद्धा नको.

'सफाईचं किट' या नावाने ऑनलाइन स्वस्तात विकल्या जाणाऱ्या नळकांड्यांपासूनही लांब राहा. नोंदणीशिवायचा सप्रेसर म्हणजे गंभीर गुन्हा, मग डब्यावर नाव काहीही असो.

सप्रेसर काय करतो, काय करत नाही

हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं तेव्हा 'सायलेन्सर' हे नाव दिलं आणि लोकांची समजूत कायमची बिघडवली. आवाज बंद होत नाही. सप्रेसर नसलेल्या रायफलचा धमाका १६० डेसिबलच्या वर जातो. चांगल्या सप्रेसरने तो १३० ते १४० च्या घरात येतो. क्षणिक आवाजाची मर्यादा १४० धरतात, म्हणजे कान जेमतेम वाचतात. मी तरीही कानात बोंडं घालतोच. शिवाय गोळी ध्वनीहून वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण १,१२५ फुटांच्या वर धावत असेल, तर हवेत चाबकासारखा जो कडाका फुटतो, त्याला सप्रेसर काहीही करू शकत नाही.

हे आधी सांगितलं, कारण नळीची लांबी ठरवताना 'आवाज किती कमी होईल' हा प्रश्न येणारच. नळी जितकी आखूड, तितकी दारू तोंडाशी पोचेपर्यंत जळायची राहते. मग सप्रेसरच्या पोटात जाणारा वायू जास्त दाबाचा आणि जास्त तापलेला असतो. तोच सप्रेसर सोळा इंचावर शांत वाटतो आणि साडेदहावर खेकसतो.

पहिलं काम: सप्रेसर ठरवणे

दुकानात गेलात की चार गोष्टी विचारा. कुठल्या बोअरचा (आतल्या भोकाच्या मापाचा), लांबी-वजन किती, कमीत कमी किती लांब नळीवर चालतो, आणि मागच्या बाजूला कुठले आटे आहेत.

बोअरबद्दल माझं मत ठाम आहे: पहिलाच सप्रेसर असेल तर .३० चा घ्या. तो .३०८ वर चालतो, ६.५ क्रीडमूरवर चालतो, .३०० ब्लॅकआउटवर चालतो आणि .२२३ वरही चालतो, फक्त तिथे आवाज थोडा जास्त येतो. उलटं मात्र चालत नाही. .२२३ च्या भोकातून .३० ची गोळी गेली तर सप्रेसर फुटतो.

कमीत कमी नळी हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो आणि लोक तो वाचत नाहीत. ५.५६ (.२२३ चं लष्करी भावंड) साठी अमुक इंच, .३०८ साठी तमुक इंच असं लिहिलेलं असतं. त्याहून आखूड नळीवर चढवलात तर वायू अडवणाऱ्या आतल्या पहिल्या चकतीची झीज झपाट्याने होते आणि हमी जाते. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. नळी निवडताना तो खालची रेघ ठरेल.

वजन दहा ते वीस औंस असतं. ऐकायला काही वाटत नाही, पण ते नळीच्या अगदी टोकाला लटकतं. भरलेला तांब्या हात लांब करून धरून बघा, मग कळेल.

मागच्या आट्यांत 'हब' नावाचा प्रमाण आकार आता बऱ्याच कंपन्या देतात: व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, दर इंचाला २४ आटे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या भाषेत सांगायचं तर अकरा सूत. हा असेल तर मागची जोडणी कधीही बदलता येते. सप्रेसर आयुष्यभराची नोंदलेली वस्तू आहे, विकणं सोपं नाही. म्हणून बदलता येणारं तेवढं बदलता येऊ द्या.

दुसरं काम: नळीची लांबी

आता इंचांचा हिशेब. लांबी कमी केली की गोळीचा वेग कमी होतो, हे खरं. पण किती, हे काडतुसावर ठरतं.

.३०८ मध्ये इंचामागे साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद जातात. १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २४ इंचातून २,६५० च्या आसपास निघते. नळी २० वर आणली तर शंभरेक फूट गेले. १०० यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेली रायफल असेल तर २०० यार्डांवर गोळी जेमतेम अर्धा इंच जास्त खाली बसेल. हरणाला आणि डुकराला तो अर्धा इंच कळत नाही. मचाणात मात्र चार इंच जागा मोकळी होते. शिकारीच्या .३०८ ला १८ ते २० आणि ६.५ क्रीडमूरला २० ते २२ इंच पुरेत, असं माझं मत. हजार यार्डांवर पोलादी पाट्या वाजवायच्या असतील तर २४ घ्या. तिथे रायफल ओट्यावर ठेवलेली असते, लांबीचं ओझं कुणाला होत नाही.

.२२३ / ५.५६ ची गोष्ट वेगळी. हलकी गोळी, सगळी करामत वेगावर. ५५ ग्रेनची गोळी २० इंचातून सेकंदाला ३,२०० फुटांच्या थोडी वर निघते, १६ मधून १००-१५० ने कमी, आणि १०.५ पर्यंत खाली आलात तर २,७०० च्या आसपास. शेवटच्या काही इंचांची किंमत इथे जास्त पडते. त्यात साडेदहा इंची नळी सप्रेसरला भाजून काढते, हे वर आलंच. घराचं रक्षण आणि डुकरं दोन्ही साधायची असतील तर १४.५ ते १६ या टापूतून बाहेर जायचं काही कारण मला दिसत नाही.

.३०० ब्लॅकआउट मुळात सप्रेसर डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेलं काडतूस. २०११ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. त्यातली दारू लवकर जळणारी, नऊ इंचांच्या नळीत काम संपतं. १९० ते २२० ग्रेनची जड गोळी सेकंदाला हजार-एक फुटांनी सोडली की कडाकाही नाही. मग ऐकू येतो तो फक्त बोल्टचा (काडतुसामागे बंद होणाऱ्या भागाचा) खटका आणि समोर मातीत बसलेला थप्प आवाज. पण एक धोका नीट लक्षात घ्या: हे काडतूस .२२३ च्याच मॅगझिनमध्ये आणि त्याच बोल्टवर बसतं. चुकून ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत गेलं आणि चाप ओढला, तर रायफल हातात फुटते. माझ्या ब्लॅकआउटच्या मॅगझिनांना मी केशरी पट्टी गुंडाळली आहे आणि दोन्ही रायफली एकाच दिवशी रेंजवर नेत नाही.

.२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाला सोळा इंच झाले की झालं. त्याहून लांब नळीत गोळी वेग घेणं जवळजवळ थांबवते.

लांबीबरोबर नळीतल्या पिळाकडेही बघा. २२० ग्रेनची संथ गोळी स्थिर फिरायला दर ८ इंचात किंवा त्याहून आखूड अंतरात एक फेरा हवा. पिळ कमी पडला तर गोळी डगमगते. मोकळ्या नळीत त्याने फक्त निशाण बिघडतं, सप्रेसरमध्ये ती आतल्या चकत्यांना धडकते.

सोळा इंचांची लक्ष्मणरेषा

रायफलची नळी सोळा इंचांहून आखूड असेल तर केंद्राच्या लेखी ती 'शॉर्ट बॅरल्ड रायफल' होते आणि तिची वेगळी नोंदणी लागते. तिचाही कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य आहे. पण मंजुरी येण्याआधी आखूड नळी रायफलवर चढवणं गुन्हाच आहे, आणि अशी रायफल राज्याबाहेर न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. आखूड नळी स्वस्तात मिळाली म्हणून आधी घरी आणून ठेवू नका. कागद आधी, नळी मागाहून.

मोजायची कशी? रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा, बोटाने चाचपा. मग बोल्ट बंद करा. तोंडातून लाकडी काठी आत सरकवा, ती बोल्टच्या तोंडावर टेकेपर्यंत. नळीच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा, काठी बाहेर काढा, टेप लावा. तीच कायद्याची लांबी. तोंडावर फिरवून बसवलेलं उपकरण (फ्लॅश हायडर किंवा मझल ब्रेक, ते पुढे येतील) यात धरत नाहीत. ते कायमचं जोडलेलं असेल तरच धरतात, म्हणजे आरपार वेल्ड, उच्च तापमानाची चांदीची झाळ, किंवा पिन ठोकून तिचं डोकं वेल्डने बुजवलेलं.

यातूनच १४.५ इंची नळीची युक्ती निघाली: तोंडावरचं उपकरण पिन आणि वेल्ड करून एकूण सोळा गाठायचे. इथे लोक गणितात फसतात. उपकरणाचा जो भाग आट्यांवर चढतो, तो लांबीत मिळत नाही. नेहमीचा ए-२ पिंजरा (एआरवरचा साधा फ्लॅश हायडर) पावणेदोन इंचांचा, पण नळीपुढे उरतो जेमतेम सव्वा इंचाच्या आत. साडेचौदात तेवढे मिळवले तरी सोळा भरत नाहीत. लांब उपकरणच लागतं. मी १६.१ पेक्षा कमी कधीच मान्य करत नाही, कारण कोर्टात टेप धरणारा माणूस आपला मामा नसतो. हे काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या.

आणि एकदा वेल्ड केलं की त्या उपकरणाशी तुमचं लग्न लागलं. पुढे सप्रेसर दुसऱ्या कंपनीचा आवडला तर घटस्फोटाला ग्राइंडर लागतो. सप्रेसर आधी ठरवा असं मी का ओरडतोय, ते आता ध्यानात आलं असेल. कर गेल्यानंतर वेल्डच्या भानगडीपेक्षा नोंदणी केलेली आखूड रायफल बरी, असं मला वाटायला लागलंय. मात्र वारंवार राज्याबाहेर जाणाऱ्याने सोळा इंची साधी नळीच घ्यावी.

एआर घेत असाल तर: वायूचा प्रश्न

एआर म्हणजे दर गोळीनंतर वायूच्या जोरावर आपोआप पुढचं काडतूस भरणारी रायफल; बोल्ट ॲक्शनमध्ये ते हाताने करायचं. बोल्ट ॲक्शनवाल्यांनी हा भाग ओलांडून पुढे जावं. त्यांच्या रायफलीला हा त्रास नाही, आणि पहिल्या सप्रेसरसाठी बोल्ट ॲक्शनच घ्या असं मी म्हणतो, त्याचं हेच कारण.

एआर-१५ मध्ये नळीला वर एक छोटं भोक असतं. गोळी त्यापुढे गेली की थोडा वायू तिथून मागे येऊन बोल्ट ढकलतो. गोळी तोंडाबाहेर पडली की दाब संपतो. सप्रेसर लावला की हा दाब लगेच संपत नाही. बोल्टला गरजेपेक्षा जोरात आणि लवकर धक्का बसतो, काडतुसाच्या टोपणाची कड ओरबाडली जाते, आणि काजळीचा भपका थेट तुमच्या डोळ्यांत येतो. रिकामी टोपणं उडण्याची दिशा बघा. घड्याळात एक-दोनच्या दिशेला पुढे उडत असतील तर वायू जास्त झाला. साडेतीन ते साडेचारच्या दिशेला पडली तर ठीक.

नळी विकत घेतानाच अर्धा प्रश्न सुटतो. भोक किती अंतरावर आहे त्यावरून चार प्रकार: पिस्तूल सुमारे चार इंचांवर, कार्बाइन सातवर, मिड-लेंग्थ नऊवर, रायफल बारा-तेरावर. सोळा इंची नळीला मिड-लेंग्थच घ्या. सोळाला कार्बाइन लावून विकणारे अजून आहेत. स्वस्त असते, पण सप्रेसर लावला की तीच रायफल खेचराने लाथ मारावी तशी वागते.

उरलेला अर्धा प्रश्न सोडवायला ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक आहे. सप्रेसर चढवा, वायू जवळजवळ बंद करा, मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला, झाडा. बोल्ट मागे अडकला नाही तर एक खटका उघडा, पुन्हा एक काडतूस. अडकायला लागला की आणखी एक-दोन खटके उघडून थांबा. थंडीत आणि घाण साचल्यावर ते एक-दोन खटकेच कामाला येतात. सोबत जड बफर (बोल्टचा मागचा धक्का झेलणारं वजन) बसवला तर धक्का आणखी मवाळ होतो. नेहमीचा कार्बाइन बफर तीन औंसांचा असतो, एच-२ साडेचार औंसांच्या थोडा वर.

आटे आणि खांदा

माझे वडील लेथवर होते. त्यांचा नियम होता, आटे फक्त धरतात, सरळ ठेवतो तो खांदा. सप्रेसरच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

५.५६ आणि .२२ च्या नळ्यांवर अर्धा इंच म्हणजे चार सूत, दर इंची २८ आटे असतात. .३० आणि ६.५ वर पाच सूत, दर इंची २४. युरोपातून आलेल्या रायफलींवर मिलिमीटरचे आटे सापडतात: १४, १५ किंवा १८ मिलिमीटर, पिच एक. बऱ्याच एके घराण्यातल्या रायफलींवर १४ मिलिमीटरचे डावे आटे असतात. अडॅप्टर मिळतात, पण एकावर एक चढवू नका. प्रत्येक जोड म्हणजे वाकडेपणाला एक नवी संधी.

आट्यांच्या मागे नळीचा जो काटकोनात कापलेला काठ असतो, तो खांदा. उपकरण त्यावर सपाट टेकतं आणि तोच त्याला नळीच्या सरळ रेषेत ठेवतो. पाच सुती आट्यांना तोंडाशी नळी किमान पाऊण इंच जाड हवी. मग प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटरचा खांदा मिळतो. हलक्या शिकारी रायफलींच्या नळ्या टोकाला याहून बारीक असतात. त्यावर कुणी 'चार सुती पाडून देतो' म्हणालं तर .३० च्या नळीला नको म्हणा. भोक आणि आटे यांच्यामध्ये धातू फारच पातळ उरतो.

तोंडावर काय लावायचं

तीन पर्याय. पहिला: काहीच नाही. सप्रेसर थेट आट्यांवर फिरवायचा, एरवी टोपी लावून आटे झाकायचे. सर्वात हलका, सर्वात आखूड आणि बहुधा सर्वात सरळ. एकाच बोल्ट ॲक्शन रायफलीला एकच सप्रेसर असेल तर याच्या पुढे जायची गरज नाही. दोष एकच, गोळ्या झाडता झाडता तो सैल होतो.

दुसरा: फ्लॅश हायडर. तीन-चार उघड्या दातांचा काटा. सप्रेसर काढून संध्याकाळी शिकार केलीत तर डोळ्यांपुढे उजेडाचा गोळा उठत नाही. काही उघडे दात गोळी सुटल्यावर टाळासारखे वाजतात. सप्रेसर चढवला की बंद.

तिसरा: मझल ब्रेक. वायू बाजूला फेकून धक्का कमी करतो. सप्रेसरखाली त्याचा खरा उपयोग वेगळाच: तापलेला झोत आधी ब्रेकच्या भिंतीवर आदळतो, सप्रेसरच्या चकतीवर नाही. ब्रेक झिजला तर पन्नास-शंभर डॉलरमध्ये नवा येतो, सप्रेसर तसा येत नाही. म्हणून साडेचौदाच्या खालच्या नळ्यांना मी ब्रेकच सुचवतो. पण सप्रेसर काढून ब्रेकवाली रायफल रेंजवर झाडलीत, तर शेजारचा माणूस दातओठ खाईल. त्याच्या कानशिलात रोज कुणीतरी सुतळी बॉम्ब फोडावा असा तो प्रकार आहे.

दोन-तीन रायफलींना एकच सप्रेसर वापरायचा असेल तर झटपट जोडणी घ्या आणि सगळ्या रायफलींना एकाच पद्धतीची उपकरणं लावा. तिरक्या बैठकीची, म्हणजे शंकूवर घट्ट बसणारी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. ती काजळीने कमी अडकते आणि दर वेळी त्याच जागी बसते. मात्र ही सोय धोकाही आणते. .२२३ चा सप्रेसर .३०८ वरच्या उपकरणावरही बिनबोभाट खटकन बसतो. तसंच .२२ आणि ५.५६ चे आटे सारखेच, त्यामुळे .२२ चा नाजूक सप्रेसर ५.५६ वर फिरवला तर आटे त्याला अडवणार नाहीत. माझ्या प्रत्येक सप्रेसरच्या बुडावर पांढऱ्या रंगाने बोअर लिहिलेला आहे आणि चढवताना मी तो मोठ्याने वाचतो. बायको हसते, हसू दे.

बसवणे

आटे गाडीच्या ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा. उपकरण हाताने फिरवून खांद्यावर टेकतंय का बघा. ब्रेकची भोकं सरळ दिशेला आणायची असतील तर सोबत आलेल्या पातळ सपाट शिम वापरा. दबणारं वायसर, ज्याला क्रश वॉशर म्हणतात, ते सप्रेसरच्या उपकरणाखाली कधीही नको. ते एका बाजूला जास्त दबतं आणि सगळं तिरपं होतं.

आटे चिकटवायचं साधं लॉकटाइट उष्णतेने पाघळतं. रॉकसेट वापरा, एक-दोन थेंब, मग टॉर्क पान्याने २० ते ३० फूट-पाउंड. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. चोवीस तास हात लावू नका. कधी काढायचं झालं तर पाण्यात भिजवून ठेवा, रॉकसेट सुटतं. एआर असेल तर पाना फिरवताना रिसीव्हर नाही, नळी धरून ठेवणारा दांडा व्हाइसमध्ये हवा, नाहीतर आतली पिन वाकते.

यापुढची पायरी टाळू नका. अलाइनमेंट रॉड म्हणजे बोअरच्या मापाची घासून सरळ केलेली पोलादी कांडी. रायफल रिकामी, सप्रेसर चढवलेला, कांडी तोंडाकडून अलगद आत सोडायची आणि सप्रेसरच्या पुढच्या भोकात बघायचं. चारी बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. माझं एक उपकरण दुकानातून बसवून घेतलं होतं. घरी गॅरेजच्या दिव्याखाली कांडी घातली तर ती भोकाच्या डाव्या कडेला टेकलेली. काढून बघितलं, खाली क्रश वॉशर. पहिलीच गोळी झाडली असती तर बाराशे डॉलरच्या नळकांड्याची पुढची टोपी डुकराच्या दिशेने गेली असती.

रेंजवर

आधी एकच गोळी, मग रायफल रिकामी करून कांडी पुन्हा. ठीक असेल तर पुढे. टोकाला वजन आल्याने निशाण सरकतं. माझ्या .३०८ चं १०० यार्डांवर दीड इंच खाली गेलं. सरकण्याचं भय नाही, दर वेळी तेवढंच सरकतं का ते बघायचं. सप्रेसर तीन वेळा काढून-चढवून तीन-तीन गोळ्या झाडा. तिन्ही झुबके एका जागी पडले तर जोडणी चांगली. नेहमी सप्रेसर लावूनच शिकार करणार असाल तर रायफल शून्यही सप्रेसर लावूनच करा.

थेट आट्यांवरचा सप्रेसर दर दहा गोळ्यांनी घट्ट आहे का ते तपासा, पण उघड्या हाताने नाही. वेल्डरचे हातमोजे चालतात, माझ्याकडे जुनी स्वयंपाकघरातली सांडशीही आहे. तीसेक गोळ्या भराभर झाडल्या की त्यावर फोडणी होईल इतका तो तापतो. दुर्बिणीपुढे गरम हवेची थरथर उठते, तेव्हा नेम धरायच्या भानगडीत न पडता रायफल मांडणीवर ठेवून द्यायची. मी पहिल्या महिन्यात घाई केली. पिशवीच्या तळाला सप्रेसरच्या मापाचं जळकं भोक आहे आणि त्यातून सफाईची चिंधी अजून बाहेर लोंबते.